वर्गात फ्लेक्सिबल सीटिंग करायचंय? खरेदी नंतर, आधी हे वाचा

पहिली ते चौथीतला एखादा वर्ग हातात आलाय, खोलीत लोखंडी बाकांच्या तीन रांगा आहेत आणि मोबाईलवर तुम्ही ते परदेशातले वर्ग बघितलेत, बीनबॅग, डुगडुगणारी स्टुलं, गालिचे, दिव्यांच्या माळा, आणि आता वाटतंय की आपल्याकडंही असं काहीतरी करावं. करा की. फक्त सामानाची यादी केली असेल तर ती बाजूला ठेवा, कारण ह्या सगळ्यात फर्निचरचा नंबर शेवटचा आहे. पैसे खर्च करून दोन महिन्यांत पुन्हा रांगा लावलेले वर्ग मी पाहिलेत, आणि एक रुपया न घालता नुसत्या सतरंजीवर मस्त चाललेले वर्गही पाहिलेत.

म्हणजे नक्की काय करायचं असतं? मुलाची कायमची ठरलेली जागा नसते, काम बदललं की बसायची जागा आणि बसायची पद्धत बदलते, आणि त्यातली थोडीफार निवड मूल स्वतः करतं. बस. 2025 मध्ये केरळमधल्या काही शाळांनी बाकं भिंतीकडेनं अर्धगोलात लावली, मागचा बाक हा प्रकारच नको म्हणून, मग तमिळनाडूतही तशी चर्चा झाली आणि लगेच तक्रार आली की कडेच्या मुलांना दिवसभर मान वळवून फळा बघावा लागणार. तक्रार बरोबरच आहे. अर्धगोल चांगला, पण तो दिवसभर तसाच ठेवला तर तीही एक ठरलेली रचनाच झाली ना, रांगेच्या जागी कमान एवढाच फरक.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ वगैरे नाही बरं का. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका, त्यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, तिथं मुलं आपापलं काम घेऊन बसायची. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोदकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवल्या, म्हणजे गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर न्यायची. आता तिथं कसला आलाय बाक! अलीकडचं म्हणाल तर सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांचा गट) आठवा, 2015 च्या आसपास राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते वर्ग बघायला जायचे, फरशीवर रंगवलेल्या आकृत्या आणि त्याभोवती खाली बसून शिकणारी मुलं. तेव्हा कुणी "आपल्याकडं हे चालणार नाही" म्हणालं तर ही नावं तोंडावर असू द्या.

आधी खोली मोकळी करा

खरंच आधी हेच. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही खोलीत एक कोपरा असा असतोच जिथं मोडके बाक, पोषण आहाराची रिकामी पोती, जुन्या उत्तरपत्रिका, बंद पडलेला कॉम्प्युटर आणि कुणाच्या तरी निरोप समारंभाची फ्रेम पडलेली असते. ते हलवल्याशिवाय तुम्हाला जागा दिसणारच नाही. पण नवीन असाल तर एक सांगते, मोडका असला तरी बाक भंगारात द्यायचा नाही आणि कुणाला घरी नेऊ द्यायचा नाही, तो जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, चढलेला असतो, त्याचं रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे त्या वहीतून तो अधिकृतपणे कमी होईपर्यंत, तो शाळेच्या नावावर आहे. मुख्याध्यापकांशी बोला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या, आणि तोवर व्हरांड्यात किंवा रिकाम्या खोलीत एकावर एक रचून ठेवा. चांगले बाकही सगळे वर्गातून काढू नका, निम्मे ठेवा. काही मुलांना बाकच आवडतो, तोही एक पर्यायच आहे.

मग टेप आणि खडू

समजा खोली वीस बाय पंचवीस फुटांची आहे, म्हणजे पाचशे चौरस फूट. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला एका शिक्षकामागं तीस मुलं धरलीत, तेवढीच धरू. मांडी घालून बसलेल्या लहान मुलाला दोन बाय दोन फूट पुरतात, थोडं इकडंतिकडं धरून तीस मुलांना दीडशे चौरस फूट. म्हणजे फळ्यासमोरचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग कायम मोकळा ठेवायचा, तिथं अख्खा वर्ग एकत्र खाली बसू शकला पाहिजे. गोष्ट सांगताना, नवीन काही शिकवताना, सूचना देताना सगळे इथंच. ही जागा नसेल तर तुम्ही दिवसभर चार कोपऱ्यांत ओरडत फिराल.

उरलेल्या जागेत खडूनं फरशीवर आखा. वाचनाचा कोपरा उजेडात, खिडकीजवळ. गटात बोलून करायचं काम, गणिताचे मणी-काड्या वगैरे, ते वाचनापासून लांबच्या टोकाला. एकट्यानं शांतपणे लिहायला दोन-चार जागा भिंतीकडं तोंड करून. दार आणि दारापर्यंतची वाट पूर्ण मोकळी, तिथं दप्तरसुद्धा नको. आखून झालं की तुम्ही स्वतः प्रत्येक जागी मुलाच्या उंचीला बसून फळा बघा, दुपारी बारानंतर पण बघा, कारण सकाळी नीट दिसणारा फळा दुपारी नुसता चमकतो. लिहिताना उजेड डाव्या बाजूनं यावा म्हणतात ते उजव्या हातानं लिहिणाऱ्यांसाठी, डावखुऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडते, त्याला उलट बाजू द्या.

एक स्वस्त आणि भारी गोष्ट, भिंतीला खालून दोन-तीन फुटांपर्यंत फळ्याचा काळा रंग देऊन घ्या. तमिळनाडूच्या कृतियुक्त वर्गांत, म्हणजे जिथं मुलं कृती करत शिकायची तिथं, मुलांसाठी असे खालचे फळे असायचे. पोरं गुडघ्यावर बसून, उभं राहून, कशीही लिहितात आणि कुठला कोपरा कशासाठी आहे तेही आपोआप ठरून जातं.

सुरुवात फक्त एका तासिकेनं

सोमवारी सकाळी सगळं बदलून टाकायचं नाही. परिपाठानंतरचा वाचनाचा अर्धा तास घ्या, आणि पर्याय फक्त दोन द्या, बाक किंवा सतरंजी. बाकी दिवस नेहमीसारखा. हा अर्धा तास गोंधळाशिवाय जायला लागला की तिसरा पर्याय, मग दुसरी तासिका. किती दिवस लागतील हे वर्गावर आहे, पहिलीला जास्त लागतात, चौथीची पोरं पटकन शिकतात पण पटकन फायदाही घेतात.

आता खरं काम. जागा बदलायची कशी हे मुलांना *शिकवावं* लागतं, जसं आपण पाढे शिकवतो तसं, रोज, म्हणून घेऊन, करून घेऊन. "आता आपापल्या जागी जा" म्हटल्यावर तीस मुलं एकदम उठली तर काय होतं ते तुम्हाला माहितीये. म्हणून आधी नुसता सराव, पुस्तक नाही काही नाही. टाळी वाजली की थांबायचं, दुसऱ्या टाळीला एका गटानं उठायचं, हातातली वस्तू छातीशी धरून चालत जायचं, बसायचं. मग दुसरा गट. सतरंजी उचलायला दोघं, घडी घालायला दोघं, ओढत न्यायची नाही. बाक सरकवायचा तर दोन्ही टोकांना धरून उचलायचा, नाहीतर फरशीवर जो आवाज होतो त्यानं शेजारच्या वर्गाच्या मॅडम पहिल्याच दिवशी तुमच्या विरोधात जातील. मुलांना ह्यात खेळासारखी मजा येते, घड्याळ लावून करा, कालच्यापेक्षा आज लवकर झालं का.

नियम लांबलचक नकोत, तक्ता तर नकोच. मी एकच प्रश्न ठेवते: "इथं बसून काम होतंय का?" होत असेल तर बस, पालथा झोपून वाच, पाय पसर, मला काही अडचण नाही. होत नसेल तर जागा बदल. आधी मूल स्वतः बदलेल, नाही बदललं तर बाई बदलतील, आणि बाईंनी बदलली की वाद नाही, रडारड नाही, उद्या परत संधी आहेच. इथं आवाज चढवायचा नाही हं, कारण जागा बदलणं ही शिक्षा झाली की सगळं बिघडलं, मग ती "शिक्षेची जागा" होते आणि तिथं कुणीच स्वतःहून बसत नाही.

निवड मोकळी सोडली की काय होतं, हे आधीच माहीत असू द्या

ह्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. "कुठंही बसा" म्हटलं की पहिल्या आठवड्यात मुलगे एकीकडं, मुली एकीकडं. हे दिसतंच. पण जरा नीट बघा, एका वाडीची मुलं एकत्र, एका भावकीची एकत्र, ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल सिझन संपून परत आलं की ते एकटंच भिंतीला टेकून, आणि गावात जी घरं एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत त्यांची मुलं इथंही एका सतरंजीवर बसत नाहीत. कुणी त्यांना सांगितलेलं नसतं, ती घरून घेऊन आलेली असतात. हजेरीच्या क्रमानं बसवलं की हे झाकलं जातं, मोकळं सोडलं की गावाचा नकाशा तुमच्या फरशीवर उमटतो.

म्हणून निवड पूर्ण मोकळी द्यायचीच नाही. जागा मुलानं निवडायची, शेजारी नाही. सोपी पद्धत अशी की आठवड्याचे गट तुम्ही पाडायचे, चिठ्ठ्या टाकून, रंगीत रिबिनी देऊन, कसंही, पण गट मिसळलेला पाहिजे, आणि मग त्या गटानं मिळून ठरवायचं की आज खिडकीशी बसू की फळ्याच्या खाली. खिडकी, पंख्याखालची जागा, ह्या सगळ्यांना हव्या असतात, त्यांची पाळी लावा, भिंतीवर लिहून ठेवा, मुलं स्वतःच लक्ष ठेवतात आणि तुमच्यापेक्षा कडक असतात. आठवड्यातून एखादी तासिका पूर्ण मोकळी ठेवायला हरकत नाही, पण ती तुम्ही बघण्यासाठी. वहीत टिपून ठेवा कोण कुणाजवळ गेलं आणि कुणाजवळ कुणीच गेलं नाही, पुढच्या आठवड्याचे गट त्यावरून पाडा.

बसायला काय काय

सतरंजी आणि बस्करं, हा पाया. एक मोठी सतरंजी घेण्यापेक्षा लहान चार घ्या, मुलांना उचलता आल्या पाहिजेत. घरून जुनी गोधडी आणायला सांगितली तर आया आनंदानं देतात, फक्त ज्याच्याकडून आली त्याचीच ती असं होऊ देऊ नका.

खाली बसून लिहायला पुढ्यात काहीतरी हवंच, नाहीतर मुलं वहीवर इतकी वाकतात की पाठीचं धनुष्य होतं. दहा-बारा इंच उंचीचे बैठे डेस्क गावातला सुतार जुन्या बाकांच्या फळ्यांतून करून देतो (निर्लेखन झालेल्या, परत सांगते), तोवर लग्नातले पाट आणि चौरंग चालतात. खुर्ची-टेबल असेल तर उंची बघा. पहिलीतल्या साधारण 115 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला आसन 31 सेंटिमीटरच्या आसपास आणि टेबल 53 च्या आसपास लागतं, चौथीतल्या 130-135 वाल्याला 35 आणि 59. एवढं मोजत बसायचं नसेल तर तळवे जमिनीला पूर्ण टेकतायत का आणि कोपर टेबलाच्या उंचीला येतंय का, हे दोन बघा. आपल्याकडं पहिलीची पोरं मोठ्या बाकांवर पाय लोंबकळत बसतात आणि मग आपण म्हणतो सारखी चुळबुळ करतात.

उभं राहून काम करायची एक जागा जरूर ठेवा. खिडकीचा कट्टा मुलाच्या कोपराच्या उंचीला येत असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर दोन बाक एकावर एक नको, पडतात, त्यापेक्षा भिंतीला पक्की फळी ठोकून घ्या. ज्या मुलाला दहा मिनिटं बसवत नाही ते तिथं अर्धा तास गणितं सोडवतं.

टायर. प्रत्येक व्हिडिओत रंगवलेले टायर असतात. मला विचाराल तर वर्गात नको. उन्हाळ्यात वास मारतात, आत कचरा आणि किडे साचतात, बाहेर ठेवले की पावसाचं पाणी साठून डास होतात आणि मग आरोग्य सेविका येऊन आपल्यालाच बोलते. मोठे रबरी चेंडू पण नकोत, एक फुटला की बाकीच्यांसाठी भांडणं. बीनबॅगची चेन मुलं उघडतात आणि ते थर्माकोलचे दाणे पुढच्या वर्षीपर्यंत झाडूत येतात. प्लास्टिकचे पालथे क्रेट मात्र चांगले, वर उशी बांधायची, आत पुस्तकं ठेवता येतात, पण कडा घासून घ्या आणि मूल बसल्यावर वाकत नाही ना ते बघा.

पैशाचं म्हणाल तर पटानुसार मिळणारं संयुक्त शाळा अनुदान आहे, पण त्यात वीजबिलापासून खडूपर्यंत सगळंच बसवायचं असतं, त्यामुळं त्यावर फार भिस्त नको. लोकसहभागातून मागताना "फर्निचर द्या" म्हणू नका, "चार सतरंज्या द्या" म्हणा. नेमकं मागितलं की मिळतं.

दप्तरं

छोटी वाटणारी पण सगळं पाडणारी गोष्ट. मूल हलणार आणि दप्तर त्याच्यासोबत हलणार असेल तर तो वर्ग नाही, एसटी स्टँड. दप्तरं एका भिंतीला खुंट्यांवर, खुंटी मुलाच्या हाताला येईल एवढी. सोबत फिरायचं ते फक्त लागणारी वही, पेन्सिल आणि पाटी. पेन्सिली तर सरळ सामायिक करा, प्रत्येक कोपऱ्यात एक डबा, टोकयंत्रासकट. पाण्याच्या बाटल्या दाराजवळ, सतरंजीवर अजिबात नाही.

कुणाला ठरलेली जागाच द्यायची

काही मुलांना रोजची नवी जागा म्हणजे रोजची नवी भीती असते, त्यांना कायमची जागा ठरवून द्या आणि तिच्यावर नाव लिहा, वर्गाला सांगा की ही अमुकची जागा, विषय संपला. कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं मूल फळ्याजवळ आणि तुमचं तोंड दिसेल असं. चाकाच्या खुर्चीतलं मूल असेल तर नुसती जायला वाट पुरत नाही, बाकीचे सगळे खाली सतरंजीवर आणि ते एकटंच वर असं दिवसभर होता कामा नये, त्याच्या उंचीला टेबलाभोवती गट बसेल असा एक पर्याय प्रत्येक तासिकेला ठेवा. पाठीचा, पायांचा त्रास असलेल्या मुलाला जमिनीवर बसवायच्या आधी पालकांना आणि समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना विचारा.

पालक आणि साहेब

पालक म्हणणारच, "मॅडम, एवढे चांगले बाक असताना पोरांना खाली का बसवता?" ह्यात चिडण्यासारखं काही नाही. त्यांच्या लहानपणी खाली बसणं म्हणजे गरिबी होती, शाळेत बाक आले तेव्हा गावानं नारळ फोडलाय. त्यांना भाषण देऊ नका, वर्गात बोलवा, आणि शक्यतो अशा वेळी बोलवा जेव्हा मुलं स्वतः उठून जागा लावतायत. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब) मात्र आधी सांगून ठेवा, कारण ते अचानक आले आणि एक पोरगं पालथं पडून वाचताना दिसलं तर शेरेपुस्तकात काय लिहिलं जाईल सांगता येत नाही. त्या दिवसाचं नियोजन आदल्या दिवशीच टाचणवहीत लिहिलेलं असू द्या, कुठल्या तासिकेला कुठली बैठक आणि का, दोन ओळी पुरे.

दोन वर्ग एकाच खोलीत असतील, पहिली-दुसरी एकत्र वगैरे, तर हे सगळं जास्तच कामाला येतं, एक इयत्ता तुमच्यासमोर फळ्यापाशी आणि दुसरी कोपऱ्यांत स्वतःचं काम करत, वीस मिनिटांनी अदलाबदल. तिथं मात्र दोन्ही इयत्तांची मुलं मिसळून बसवायची एखादी वेळ मुद्दाम ठेवा, दुसरीचं मूल पहिलीच्याला जे सांगतं ते आपल्याला तसं जमत नाही.

पावसाळा आणि सफाई

जूनमध्ये शाळा सुरू होते तीच ओल घेऊन. सतरंजी सरळ फरशीवर नको, खाली प्लास्टिकची चटई, आणि शाळा सुटताना सगळं उचलून बाकांवर ठेवायचं. सकाळी पसरण्याआधी झटकायचं, ते तुम्ही किंवा मोठ्यांपैकी कुणी, पहिलीच्या मुलांनी नाही, कारण गुंडाळलेल्या सतरंजीत विंचू असू शकतो, कोकणात आणि डोंगराळ भागात तर हे रोज बघायचंच. चपला बाहेर, पाय पुसायला पोतं दारात. खिचडी वर्गात खात असतील तर ती सतरंजी वेगळी, वाचनाच्या कोपऱ्यात शीत सापडलं की मुंग्या आल्याच. गोधड्या आणि उशांची खोळ महिन्यातून एकदा धुवून कडक उन्हात. उवा झालेल्या मुलांसाठी उशी बंद असं जाहीर करायचं नाही, सगळ्यांसाठीच आठवडाभर बंद ठेवायची.

आणि चाचणीच्या दिवशी काय? सरळ बाक लावा, अंतर ठेवा, मुलांना आदल्या दिवशी सांगा की उद्या असं बसायचंय आणि परवा परत आपलं नेहमीचं. बाक कमी पडले तर बैठे डेस्क घेऊन व्हरांड्यात बसवा, पण पेपर चालू असताना जागा बदलायची नाही हे आधी स्पष्ट सांगा, नाहीतर अर्ध्या पेपरात कुणीतरी वही छातीशी धरून शांतपणे खिडकीकडं चालू लागतं आणि त्याला ओरडताही येत नाही.